दिवाळीत डाळ-चटणीचे बॉक्स विकून वसतिगृहासाठी निधी : पैसा नेमका कुठं अडकतो?

काळी_माती (धागाकर्ता)
मराठवाड्यातल्या बालाघाट डोंगरपट्ट्यातलं हंगामी वसतिगृह आहे, ६० लेकरं. आईबाप दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, मार्च-एप्रिलला परततात. म्हणजे खर्चाचे दिवस नेमके दिवाळीनंतर सुरू होतात. संस्था धर्मादाय कार्यालयात नोंदलेली आहे, ८०जी (देणगीदाराला करसवलत) आहे.

यंदा १००० बॉक्सचा विचार आहे. एका बॉक्सात १ किलो तूरडाळ (१४० रु.), २५० ग्रॅम शेंगदाणा चटणी (५५), २०० ग्रॅम जवस चटणी (४५), अर्धा किलो गूळ (२५), खोका-पिशव्या-लेबल (२५). एकूण २९० रुपये. विक्री ४०० ला. म्हणजे बॉक्सामागे ११०, सगळे गेले तर १ लाख १० हजार. चटण्या बचत गट करणार आहे. यात काय चुकतंय, काय राहिलंय, ते सांगा. कौतुक नको.

खातेवही
कौतुक नको म्हणालात ते बरं केलं. आधी हमाली, टेम्पो आणि तुटफूट धरा. बॉक्सामागे १५ रुपये तरी लागतात. खर्च झाला ३०५. आता १००० बॉक्स बनवायला ३,०५,००० रुपये गेले. ते परत यायलाच ७६३ बॉक्स रोखीनं विकले जायला हवेत. लेकरांसाठीची खरी कमाई ७६४ व्या बॉक्सपासून सुरू होते. हा आकडा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून कार्यालयात लावा.

आता ८५० विकले, १५० उरले असं धरा. जमा ३,४०,०००, शिल्लक ३५,०००. त्या ८५० पैकी ६० बॉक्सची उधारी बुडाली की २४,००० आणखी गेले. हातात ११,०००. कागदावर १ लाख १० हजार आणि गल्ल्यात ११ हजार, मधल्या ९९ हजारांत फसवणूक कुणीच केलेली नाही. थोडी हमाली, थोडा उरलेला माल, थोडी ओळखीपाळखीची उधारी, एवढंच.

उलटं करून बघा. पैसे भरून ७०० ची मागणी आली, तुम्ही ७५० बनवले, ७४० गेले. खर्च २,२८,७५०, जमा २,९६,०००, शिल्लक ६७,२५०. कमी बॉक्स, जास्त पैसा. आगाऊ मागणी अधिक ५ ते ७ टक्के, त्यापुढं एकही खोका भरू नका.

काळी_माती
गावाकडं आगाऊ पैसे कोण देतं हो? "माल तर दाखव आधी" म्हणतात. आणि गेल्या पावसाळ्याचं अजून विसरलेलं नाही कुणी.

खातेवही
४०० नका मागू, १०० मागा. शंभर दिलेला माणूस उरलेल्या तीनशेसाठी दारात येतो, तोंडी "दोन ठेवा माझे" म्हणणारा येत नाही. तोंडी मागणीतली निम्मीच खरी धरायची. नमुन्याचे २० बॉक्स करा आणि मागणी घेणाऱ्यांच्या हाती द्या, म्हणजे "माल दाखव" हा प्रश्न मिटतो. मागणीची शेवटची तारीख दिवाळीच्या २५ दिवस आधी. त्यानंतर आलेल्याला "उरला तर देऊ" एवढंच.

पावसाचं म्हणाल तर तो धोका वेगळ्या जातीचा आहे. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत बीड, धाराशिव, लातूर, नांदेडकडं रानंच्या रानं वाहून गेली. असं वर्ष आलं की गिऱ्हाईक, माल आणि रस्ता एकाच वेळी बसतात. म्हणून सगळी मागणी एकाच तालुक्यातली नको. निम्मी तरी पुणे, संभाजीनगर, सोलापूर अशा पगारदार माणसांच्या गावांतून हवी.

मोंढ्याकडून
डाळीचं मी सांगतो. तूर निघते डिसेंबर ते फेब्रुवारीत. दिवाळीला तुम्ही जी डाळ घेणार ती हंगामाच्या शेपटाची, भाव कुठंही गेलेला असतो. १४० धरलेत ते कुठल्या महिन्याचे? २०२५-२६ साठी तुरीचा हमीभाव ८००० रुपये क्विंटल होता. गिरणीत १०० किलो तुरीतून साधारण ७० किलो डाळ धरा, बाकी चुनी, कळणा, भुसा. म्हणजे नुसत्या कच्च्या मालाचे ११४ रुपये किलो, वर भरडाई, बारदान, गिरणीचा नफा. चुनीचे पैसे वजा होतात, पण फार नाही. सांगायचं म्हणजे तूर क्विंटलमागं ७०० नं चढली की डाळ किलोमागं १० नं चढते, आणि १००० बॉक्सांवर तुमचे १० हजार जातात.

यावर दोन वाटा. एक, गिरणीशी ऑगस्टमध्येच भाव आणि प्रत लेखी ठरवून २५ टक्के रक्कम चेकनं द्यायची, उचल तीन हप्त्यांत. दुसरी, फेब्रुवारीत घेऊन ठेवायची. दुसरीच्या फंदात पडू नका. आठ महिने डाळ सांभाळणं हा वेगळा धंदा आहे. ओल, उंदीर, भुंगा, तिन्ही सांभाळावे लागतात.

प्रत ठरवताना "चांगली डाळ" असं लिहू नका. फटका की सवा नंबर (डाळीच्या बाजारातल्या प्रती), तेलाचं पॉलिश की बिनपॉलिश, तुकडा किती टक्के चालेल, ते लिहा. नमुन्याची अर्धा किलोची पुडी दोघांच्या सहीनं बंद करून ठेवा. माल आला की पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मूठ घेऊन नमुन्याशेजारी पांढऱ्या कागदावर पसरा. वरचा थर नेहमी देखणा असतो. प्रत्येक पोत्यातली वाटीभर डाळ काचेच्या बंद बरणीत महिनाभर ठेवा. अंडी असतील तर किडा बरणीतच दिसेल, गिऱ्हाइकाच्या डब्यात नाही.

आणि एक गोष्ट बजावून सांगतो. वसतिगृहाच्याच एखाद्या खोलीत माल ठेवणार असाल तर पोत्यात सल्फासच्या (किडीच्या औषधाच्या) गोळ्या टाकायच्या नाहीत. ओलाव्यानं फॉस्फिन वायू सुटतो आणि शेजारच्या खोलीतली माणसं झोपेत दगावतात. ते काम मोकळ्या गोदामात, परवाना असलेल्या माणसाचं.

चुलीपाशी
चटणीकडं कुणी बघितलंच नाही. खरी तक्रार डाळीची येत नसते, चटणीची येते.

१००० बॉक्स म्हणजे २५० किलो शेंगदाणा चटणी. गट दिवसाला २५ किलो करत असेल तर १० दिवस झाले, वर २०० किलो जवसाची, तिचे ८ दिवस. हे १८ दिवस कॅलेंडरवर मांडा. बहुतेक ठिकाणी घाई होते ती इथं, आणि घाईत चटणी गरम असतानाच पिशवीत जाते. मग आत वाफ धरते, आठ दिवसांत ढेकळं होतात, पंधरा दिवसांत वास येतो. भाजलेले दाणे परातीत पसरून पूर्ण गार, मग दळणं. दळताना पुन्हा तापतात, म्हणून चटणीही पुन्हा पसरून रात्रभर गार. लसूण ओला घातलात तर टिकण्याचे दिवस निम्मे झाले. तळून कोरडा करून घाला, नाहीतर लसणाची पूड घ्या.

दाणे निवडताना आकसलेले, काळपट, बुरशीचे डाग असलेले सगळे बाजूला. बुरशीचं विष भाजल्यानं पुरतं जात नाही. "भाजलं की चालतंय" हे ऐकून घेऊ नका, कोणी म्हटलं तरी.

पिशवी साधी प्लॅस्टिकची नको, तेल बाहेर येतं आणि खोक्याला डाग पडतात. लॅमिनेटची उभी राहणारी घ्या. सील करताना पिशवीच्या तोंडाला भुकटी लागली की सील वरून बसलेलं दिसतं, दाबलं की फुस्स. म्हणून नरसाळं वापरायचं, तोंड कोरड्या फडक्यानं पुसायचं, आणि दर ५० पिशव्यांमागं एक पाण्यात बुडवून दाबायची. बुडबुडा आला तर मागच्या पन्नासच्या पन्नास पुन्हा तपासायच्या.

"किती दिवस टिकेल" हे अंदाजानं छापू नका. आज सहा पिशव्या भरा, दर आठवड्याला एक फोडून वास आणि चव बघा. सहाव्या आठवड्याला ठीक असेल तर लेबलवर चार आठवडे लिहा.

काळी_माती
चुलीपाशी ताई, लेबलवर काय काय लागतं? गटाकडं एफएसएसएआयची (अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी आहे. आम्हाला वेगळी लागेल का?

चुलीपाशी
लागेल. गट बनवतो, तुम्ही विकता, आणि पोत्यातली डाळ किलो-किलोच्या पिशव्यांत भरता. भरणं हेसुद्धा अन्न व्यवसायातच धरतात. त्यांच्या फॉस्कॉस पोर्टलवर अर्ज होतो. काम लवकर होऊ शकतं, पण महिना हाताशी ठेवा. १४ आकडी क्रमांक मिळाल्याशिवाय लेबल छापायला टाकू नका, कारण नंतर स्टिकरवर स्टिकर चिकटवत बसावं लागतं.

लेबलवर पदार्थाचं नाव, घटक (जास्त वापरलेला आधी), शाकाहारीची हिरवी खूण, शेंगदाणा असल्याची ठळक सूचना, पोषणमूल्यं, निव्वळ वजन, बॅच क्रमांक, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावं, बनवणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा पत्ता, दोघांचे क्रमांक, सर्व करांसह कमाल किंमत, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल. बॅच क्रमांक हा सोपस्कार समजू नका. एका पिशवीला वास आला तर त्या दिवशीच्या १०० पिशव्या परत मागवता येतात. बॅच नसेल तर हजार मागवाव्या लागतात.

इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजनमापे खात्याचा चालू वर्षाचा शिक्का हवा. रिकाम्या पिशवीचं वजन शून्य करून मग भरायचं, आणि २५० ला २५२-२५३ भरायची.

मोंढ्याकडून
लेबलावरनं आठवलं. "बोरसुरी डाळ" असं हौसेनं छापू नका. बोरसुरी तूरडाळीला भौगोलिक मानांकन आहे. ते नाव त्याच पट्ट्यातल्या डाळीला, आणि अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असलेल्यालाच लावता येतं. "लातूरच्या गिरणीतली तूरडाळ" लिहा, ते खरंही आहे. कुंथलगिरीच्या खव्याचंही तसंच, आणि खवा तर बॉक्सात घालूच नका, दोन दिवसांत आंबतो.

खातेवही
आता हिशेबाच्या वाटेवरचे खड्डे. कलमांचे क्रमांक १९६१ च्या आयकर कायद्यातले सांगतो, १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा लागू आहे आणि त्यात क्रमांक बदललेत. सीएकडून नवे विचारून घ्या.

सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे बॉक्स घेतला त्याला ८०जीची पावती देणं. ४०० रुपयांना ४०० चा माल दिला, ती विक्री. त्याचं बिल फाडायचं. कुणी ५०० दिले आणि १०० राहू द्या म्हणाला, तर ४०० चं बिल आणि १०० ची देणगी पावती, दोन वेगळे कागद. देणगी पावतीपुस्तक विक्रीच्या टेबलावर ठेवूच नका, म्हणजे मोह होणार नाही. मोठी देणगी रोख घेऊ नका. २००० च्या वरच्या रोख देणगीवर देणाऱ्याला वजावट मिळत नाही, आणि मग तो तुमच्यावर चिडतो.

विक्रीची हिशेबवही वेगळी ठेवणं कलम ११(४ए) प्रमाणं सक्तीचं आहे. गरिबांना मदत आणि शिक्षण हा तुमचा उद्देश असेल तर विक्रीच्या उत्पन्नावरची २० टक्क्यांची मर्यादा तुम्हाला लागत नाही. ती "सर्वसाधारण लोकोपयोगी" उद्देशवाल्यांना लागते. पण तुमच्या न्यासपत्रात उद्देश नेमका कसा लिहिलाय ते सीएला दाखवा, तोंडी सांगू नका. गिरणीला एका दिवसात १०,००० च्या वर रोख द्यायचे नाहीत.

आणि भांडवल. "दिवाळीपुरते तीन लाख व्याजानं उचलू" असं कुणी विश्वस्त म्हणेल. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ३६अ(३) बघा, संस्थेसाठी असं खासगीतनं कर्ज काढायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. म्हणून आगाऊ शंभराचं महत्त्व आहे. ७०० मागण्यांचे ७०,००० येतात, त्यात पहिल्या हप्त्याची डाळ सुटते. दुसरा हप्ता पहिल्या वाटपाच्या जमेतून.

देगलूरनाका
आमच्याकडून हैदराबाद, निजामाबाद जवळ. बिदरलाही बरेच मराठी लोक आहेत. तिकडं १०० बॉक्स पाठवले तर?

खातेवही
थांबा. राज्याच्या आत मालाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. पण करपात्र माल राज्याबाहेर विकायचा तर पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. छापील पिशवीतली २५ किलोपर्यंतची डाळ करपात्र आहे, १८ जुलै २०२२ पासून. हस्तकलेच्या वस्तूंना काही सूट आहे, डाळ-चटणीला नाही. शंभर बॉक्सांसाठी वर्षभर विवरणपत्रं भरत बसणं परवडत नाही. तिकडच्या माणसांना सरळ देणगीचं आवाहन पाठवा, बॉक्स नको.

वाळूज_जनरल_शिफ्ट
कंपन्यांच्या मागणीबद्दल थोडं. संभाजीनगरच्या वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा औद्योगिक वसाहतींत दिवाळी भेटीसाठी २००-३०० बॉक्स एकदम जातात, हे खरं. पण पैसे माल पोचल्यावर ४५-६० दिवसांनी येतात. वसतिगृहाचा किराणा नोव्हेंबरात, त्यांचा चेक जानेवारीत. खरेदी आदेशावर "५० टक्के आगाऊ" लिहून आलं तरच हो म्हणा. कर्मचाऱ्यांना वाटायचे बॉक्स सीएसआरमध्ये (कंपनीच्या समाजकार्याच्या निधीत) बसत नाहीत, तेव्हा तिथल्या एखाद्यानं तसं आश्वासन दिलं तर हिशेबात धरू नका, लेखा विभाग परत पाठवतो. "तुमच्याकडं जीएसटी नाही" या कारणावर अडलं तर सांगा, भेट म्हणून वाटलेल्या मालावर कंपनीला तशीही भरलेल्या जीएसटीची वजावट मिळत नाही.

एकाच कंपनीची मागणी एकूण बॉक्सांच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नको. शेवटच्या आठवड्यात तिथला साहेब बदलला की सगळंच अंगावर येतं.

नवखा_कार्यकर्ता
प्रत्येक बॉक्सात कूपन टाकून लकी ड्रॉ ठेवला तर? मोटारसायकल ठेवली की हजार बॉक्स उडतील.

खातेवही
नका भाऊ. पैसे घेऊन नशिबावर बक्षीस म्हणजे लॉटरी, आणि परवानगीशिवाय ती चालवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ मध्ये गुन्हा आहे. विश्वस्तांना नोटीस आली की धर्मादाय कार्यालयातही उत्तरं द्यावी लागतात.

शाईचा_डाग
मला मुळात खायच्या वस्तूच पटत नाहीत. वह्या विका. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्यांवर जीएसटी शून्य आहे, एफएसएसएआय नको, वास नको, किडा नको. उरल्या तर पुढच्या जूनला शाळेत.

चुलीपाशी
वहीत किमतीला मान नाही दादा. दुकानात ४० ची वही सगळ्यांना माहीत असते, तुम्ही ६० ला दिली की देणारा उपकार केल्यासारखा देतो, पुढच्या वर्षी टाळतो. घरच्या चवीची चटणी दुसरीकडं मिळत नाही, म्हणून तो दुसऱ्यांदा मागतो. जूनमध्ये वह्या कराव्यात हे मात्र पटलं. दिनदर्शिका आणि डायऱ्या कुणी सुचवल्या तर नाही म्हणा, १५ जानेवारीनंतर त्यांची रद्दी होते.

शाईचा_डाग
बरं, हरलो. पण पैसे गोळा करायचं कुणी बोललं नाही. कार्यकर्त्याच्या स्वतःच्या फोनवर यूपीआय घेऊ देऊ नका, अगदी विश्वासू असला तरी. महिन्यानं त्याचा स्वतःचा व्यवहार आणि संस्थेचा व्यवहार त्यालाच वेगळा करता येत नाही, आणि चांगला माणूस बदनाम होतो. संस्थेच्या बँक खात्याचा क्यूआर छापून प्रत्येकाला द्या. त्यात शेऱ्यात बिल क्रमांक टाकायला सांगा. रोख आली तर त्याच संध्याकाळी दोघांनी मोजून वहीत दोघांच्या सह्या, दुसऱ्या दिवशी बँकेत. त्या रोकडीतून टेम्पोचं भाडं परस्पर द्यायचं नाही. आधी भरणा, मग खर्च.

बिलपुस्तकं क्रमांकानं द्या आणि क्रमांकानं परत घ्या. रद्द झालेलं बिल फाडून टाकू नये, दोन्ही प्रती आडवी रेघ मारून पुस्तकातच. कुणाला विकायला १० बॉक्स दिले तर डिलिव्हरी चलनावर सही, आणि "भाऊबीजेपर्यंत पैसे किंवा न फोडलेला माल" अशी ओळ त्यावरच छापलेली. आधीचे दहा मिटल्याशिवाय अकरावा नाही. हा नियम अध्यक्षांनाही.

वाळूज_जनरल_शिफ्ट
खोक्यावर लेकरांचे फोटो नकोत, एवढं माझंही. संस्था बालगृह म्हणून नोंदलेली असेल तर बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७४ ओळख उघड करू देत नाही. तसं नसलं तरी आईबाप फडावर असताना संमती कुणाची घेणार? आणि "संपूर्ण नफा मुलांसाठी" असं मोघम छापण्यापेक्षा "या बॉक्समागे साधारण ९५ रुपये वसतिगृहाला" असं छापा. विचारणाऱ्याला उत्तरही देता येतं.

काळी_माती
हजार बॉक्स केले तर लागणारा ७६४ चा आकडा भिंतीवर लावतो. मागणी ७०० वर थांबली तर ७०० च. तरी शेवटी काही उरलेच तर त्यांचं काय करायचं? भाव पाडून विकायचे?

मोंढ्याकडून
भाव पाडू नका, ज्यांनी ४०० दिले ते पुढच्या वर्षी दिवाळीनंतरच येतील. तुमचा माल निवडला गेलाय तो एका गोष्टीनं चांगला: उरलेली डाळ वसतिगृहातच शिजते. ६० लेकरांना रोज ५० ग्रॅम म्हणजे ३ किलो. अगदी १५० बॉक्स उरले तरी ५० दिवसांची डाळ झाली, २१ हजारांचा किराणा वाचला. आधी सांगितलेला तो ११ हजारांचा हिशेब त्यामुळं ३२ वर येतो. अट एकच, मुदत संपायच्या आत.

खातेवही
आणि विक्री खात्यातून वसतिगृह खात्यात १४० प्रमाणं खर्चाच्या भावानं वर्ग करा, ४०० नं नाही. ठरावात तसं लिहा. नाहीतर साठा नोंदवहीत १५० बॉक्स दिसतात, खोलीत नसतात, आणि हिशेब तपासनीस तिथंच अडतो.

चुलीपाशी
गूळ मात्र बॉक्सातून काढा. परतीचा पाऊस रेंगाळला की ऑक्टोबरात गुळाला पाणी सुटतं, पिशवी चिकट होते, खोक्याचा तळ सुटतो आणि शेजारची डाळ ओलावते. त्या २५ रुपयांत कारळाची चटणी बसते, १०० ग्रॅम. गूळच हवा असेल तर पावडरचा घ्या, वेगळ्या सीलबंद पिशवीत, आणि बॉक्स वाटायच्या आदल्या दिवशी आत ठेवा.